घराची हमी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याच्या मनात खर्च आणि दगदग या दोनच गोष्टी असाव्यात. परंतु त्या म्हणीत आणखी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ज्याला घरात राहायचे तोच ते बांधून घेणार, ही ती गोष्ट. माझ्या आजोबांनी गावी घर बांधले तेव्हा पायाचा चर खणल्यापासून आढ्यावर कौले चढेपर्यंत ते रोज सकाळी छत्री घेऊन तेथे उभे असत, असे घरात सांगत. चुना किती दिवस मुरला, गवंड्याने दगडांचे सांधे एकावर एक येऊ दिले नाहीत ना, वासे वाळलेले होते की ओले, हे सारे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पुढे एखादी भिंत फुगली असती तरी दोष कोणाचा, हा प्रश्न त्यांना पडला नसता. त्या भिंतीचा जन्म त्यांच्या देखत झाला होता.

आज शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी हे पाहणे नाही. आपण सदनिका घेतो, ती कधी कागदावरचा नकाशा पाहून, कधी नमुन्याचे घर पाहून, तर कधी रंगरंगोटी पुरी झाल्यावर. गिलाव्याच्या आत विटा कशा आहेत, काँक्रीटच्या पोटात सळई किती खोल आहे, गच्चीवरील जलरोधक थर नीट घातला की नुसताच दाखवला, हे आपल्याला दिसत नाही. आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी आपण अशी जवळजवळ डोळे मिटून करतो. जेथे डोळ्यांचे काम संपले तेथे शब्दाचे काम सुरू झाले. त्या शब्दाला आपण 'हमी' म्हणतो. ही हमी नेमकी कशाची असते, कशाची नसते, आणि ती हातची जाऊ नये म्हणून घरमालकाने काय करावे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय मी पुस्तकात शिकलो नाही. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी काही वर्षे सेक्रेटरी होतो. आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम त्यांनी त्या दोन खोल्यांत घातली होती. ताबा मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या छताला तळहाताएवढा ओलसर डाग पडला. गुरुजींनी मला सांगितले. मी बांधकाम करणाऱ्याच्या माणसाला दूरध्वनी केला. तो आला, गच्चीवर थोडे सिमेंट फासून गेला. पुढच्या पावसाळ्यात डाग परातीएवढा झाला. पुन्हा दूरध्वनी, पुन्हा सिमेंट. माणसे गोड बोलणारी होती. मीही त्यांच्याशी गोड बोलत होतो. उगाच कागदी घोडे कशाला नाचवायचे, असे माझे मत होते. संबंध बिघडू नयेत, एवढीच माझी दृष्टी.

सहाव्या वर्षी एका रात्री छताचा मोठा पोपडा सुटून खाली पडला. गुरुजींचा नातू ज्या खाटेवर निजत असे, तिच्यापासून तो हातभर अंतरावर पडला. वर पाहिले तर गंजून फुगलेली सळई उघडी पडली होती. तेव्हा मी पहिले पत्र लिहिले. उत्तर आले ते दोन ओळींचे. ताबा देऊन पाच वर्षे पूर्ण झाली आहेत आणि त्या मुदतीत दोषाची कोणतीही सूचना आमच्या दप्तरी नाही, असे त्यात म्हटले होते. ते वाक्य मला फार झोंबले, कारण ते खोडून काढण्यास माझ्यापाशी एक चिठोरेही नव्हते. अखेर सभासदांनी वर्गणी काढून गच्चीचे काम करून घेतले. गुरुजींनी आपला हिस्सा दोन हप्त्यांत भरला. ते रागावले नाहीत. "सेक्रेटरीसाहेब, मी दर वर्षी तुम्हाला सांगत होतो," एवढेच ते म्हणाले. ते वाक्य मी विसरलेलो नाही. आजचे भाषण त्या वाक्यातूनच निघाले आहे.

घर बांधणाराने आपल्या कामाची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने जे कायदे शिलास्तंभावर कोरवले, त्यांत घर बांधणाऱ्यासंबंधी स्वतंत्र कलमे आहेत. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, इतकी त्यांतील शिक्षा कठोर होती. परंतु त्याच कलमांच्या शेवटी एक साधी आणि शहाणपणाची तरतूद आहे. भिंत कोसळलेली नसली, नुसती कलू लागली असली, तरी बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने ती भक्कम करून द्यावी, अशी ती तरतूद. फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेने इमारत बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी टाकली. दोष दिसला तर ज्याचा दोष त्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करावा, आणि ही जबाबदारी ठराविक काळापुरती असावी, या दोन विचारांवरच आजच्या सर्व हम्या उभ्या आहेत.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा विचार कायद्याच्या रूपाने आला तो १९६३ साली. मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या त्या वर्षीच्या अधिनियमाला लोक 'मोफा' म्हणतात. त्याच्या सातव्या कलमान्वये ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत बांधकामातील किंवा वापरलेल्या मालातील दोष निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने तो जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यावयाचा असतो. त्यानंतर संसदेने २०१६ साली स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम संमत केला. 'रेरा' या नावाने तो सर्वांच्या परिचयाचा आहे. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आला. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे मुंबई-पुण्यातील घरमालकाला जो हक्क आहे, तोच इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथे घर घेतलेल्या आपल्या माणसालाही आहे. नियम आणि तक्रारीची पद्धत राज्यपरत्वे बदलते, मूळ हक्क बदलत नाही. पश्चिम बंगालने आपला निराळा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२१ साली घटनाबाह्य ठरवला.

या कायद्याच्या चौदाव्या कलमातील तिसरे पोटकलम प्रत्येक घरमालकाने एकदा तरी वाचावे असे आहे. त्याचा आशय असा. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत घर घेणाराने इमारतीच्या संरचनेतील दोष, अथवा कारागिरी, दर्जा किंवा सेवासुविधा यांतील कोणताही दोष, अथवा विक्रीकरारातील अन्य जबाबदारीतील उणीव प्रवर्तकाच्या निदर्शनास आणली, तर प्रवर्तकाने ती तीस दिवसांच्या आत, कोणताही जादा आकार न घेता, दूर करावी. त्याने तसे न केल्यास घर घेणारा योग्य नुकसानभरपाई मिळण्यास पात्र ठरतो.

या एका वाक्यातील चार गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट म्हणजे ही हमी केवळ खांब, तुळया आणि स्लॅब यांच्यापुरती नाही. पुष्कळांची समजूत असते की इमारत कोसळण्याच्या बेतात आली तरच या कलमाचा उपयोग. तसे नाही. कारागिरी आणि दर्जा हे शब्द कलमात स्पष्ट आहेत. न्हाणीघराच्या फरशीचा उतार चुकल्यामुळे पाणी दाराकडे येत असेल, नळाच्या सांध्यातून भिंतीत पाणी झिरपत असेल, फरशी पोकळ बसवल्यामुळे उचकटली असेल, खिडकीच्या चौकटीच्या कडेने पाऊस आत येत असेल, तर हेही दोषच आहेत. आमच्या गुरुजींच्या छतावरचा तो तळहाताएवढा डाग पहिल्याच दिवशी हमीच्या कक्षेत होता. स्लॅब उघडा पडण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

दुसरी गोष्ट मुदतीची. पाच वर्षे मोजावयाची ती ताबा दिल्यापासून. आपण राहावयास गेल्यापासून नव्हे. एखाद्याने ताबा घेऊन दोन वर्षे घर बंद ठेवले, तर त्याची दोन वर्षे कुलपाआड संपली. कोणी दुसऱ्याकडून घर विकत घेतले, तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो नवा मालकही मूळ घर घेणाराच्या जागी येतो. परंतु त्याच्या हाती येते ती उरलेली मुदत. म्हणून जुने घर घेताना मूळ ताब्याची तारीख विचारून घ्यावी. इमारतीचे संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण झाले म्हणजे बांधणारा मोकळा झाला, असेही काहीजण समजतात. अभिहस्तांतरणानंतरही ही जबाबदारी चालू राहते, असे कायद्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. दोष असणे पुरेसे नाही, तो पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणला पाहिजे. हमी ही दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्यासारखी आहे. आपण हाक मारली नाही तर ती आपण होऊन आत येत नाही. आणि ही हाक अशी असावी की पुढे ती मारलीच नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मी तीन वर्षे हाका मारल्या, पण त्या सगळ्या हवेत विरून गेल्या.

चौथी गोष्ट तीस दिवसांची. दुरुस्ती केव्हा व्हावी याला कायद्याने सीमा घातली आहे. 'पावसाळा संपला की बघू' हे उत्तर ऐकून घेण्यास आपण बांधलेले नाही. आणि पावसाळा संपला की भिंत वाळते, डाग फिका पडतो, आणि तक्रार करणाराच खोटा दिसू लागतो, हा अनुभव कोणाला नाही?

आता या हमीची दुसरी बाजू पाहू. घरात जे जे बिघडते ते सारे बांधणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, आणि तसे मारू जाणे न्यायाचेही होणार नाही. येथे एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. हे बिघडले त्याचे कारण बांधकामात आहे, काळात आहे, की आपल्या हातात आहे? एकाच भेगेची तीन उत्तरे असू शकतात. विटांची भिंत आणि काँक्रीटची तुळई ऊनथंडीने सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. त्यांच्या सांध्यावर केसासारखी बारीक रेघ उमटते. ती पुष्कळदा निरुपद्रवी असते. परंतु खांबात किंवा तुळईत भेग असेल, ती महिन्यामहिन्याने रुंदावत असेल, तिच्यातून तांबूस पाणी ओघळत असेल, तर आतली सळई गंजत आहे असे समजावे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगून काँक्रीटचा थर आतून उचलून फेकतो. गुरुजींच्या छताचे तेच झाले. ही भेग बांधकामातील दोषाची साक्ष देते. आणि तिसरी भेग आपणच पाडलेली असते. स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी कोणी भिंत पाडतो, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी कोणी तुळईला भोक पाडतो, न्हाणीघराची फरशी उखडून नवी बसवताना खालचा जलरोधक थर कोणी फोडतो. त्यानंतर गळती झाली तर बांधणारा बोट दाखवील ते आपल्याकडे, आणि त्याचे ते बोट दाखवणे खरे असेल.

तसेच झीज म्हणजे दोष नव्हे. उन्हाने रंग उडणे, नळातील चकती झिजणे, बिजागरीला तेल नसल्याने दार कुरकुरणे, गच्चीवरील पन्हळे पाल्यापाचोळ्याने तुंबून पाणी साचणे, ही घराची वये आहेत किंवा आपली हयगय आहे. पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडून पन्हळे मोकळी करणे हे संस्थेचे काम. ते केले नाही आणि गळती झाली, तर हमीचा दावा लंगडा पडतो. त्यामुळे देखभाल केल्याच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. आपण आपले कर्तव्य केले होते, हे दाखवण्यास त्या उपयोगी पडतात.

मूळ कायद्याच्या व्याख्यांत 'संरचनेतील दोष' म्हणजे काय ते सांगितलेले नाही. म्हणून वाद उभा राहिला की खरा प्रश्न कारणाचा असतो, आणि कारण सांगू शकतो तो जाणकार संरचना अभियंता. त्याचा लेखी अहवाल मुदतीच्या आत घेतलेला असेल, तर दहा माणसांच्या तोंडी साक्षीपेक्षा त्याचे वजन अधिक. संस्थेने पाचवे वर्ष लागण्यापूर्वी एकदा सारी इमारत अशा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. त्याचे शुल्क सभासदांत वाटले गेले म्हणजे कोणालाही जड होत नाही.

घरात एकच हमी नांदत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. बांधणाऱ्याची पाच वर्षांची हमी ही एक. उद्वाहन, पाण्याचा पंप, नळाच्या तोट्या, पाणी तापवण्याचे यंत्र यांना त्यांच्या त्यांच्या कारखानदाराची हमी असते. तिची मुदत वेगळी, अटी वेगळ्या, आणि पुष्कळदा अधिकृत माणसाखेरीज दुसऱ्याने हात लावला की ती संपते. यांची मूळ हमीपत्रे ताब्याच्या वेळी मागून घ्यावीत. गच्चीचे जलरोधन करणारा कंत्राटदार स्वतःचे निराळे हमीपत्र देतो. ते कोणाच्या नावे आहे आणि संस्थेला ते वापरता येईल काय, हे पाहावे. उद्वाहनाच्या वार्षिक देखभालीचा करार ही हमी नव्हे. ती पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. आणि विमा तर याहून अगदी निराळा. विमा आकस्मिक संकटाचा असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर अशा संकटांसाठी २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही सर्वसाधारण विमा कंपन्यांची प्रमाणित योजना आहे. घर चांगले बांधले होते काय, हा तिचा विषय नाही. जमीन खचून होणाऱ्या हानीला ती संरक्षण देते, तेथेही सदोष आराखडा, सदोष काम आणि नव्या बांधकामाच्या बसण्याने पडणाऱ्या नेहमीच्या भेगा वगळलेल्या आहेत. थोडक्यात, विमा संकट पाहतो आणि हमी काम पाहते. गळक्या गच्चीसाठी विम्याकडे आणि पुराच्या पाण्यासाठी बांधणाऱ्याकडे गेलेला माणूस दोन्ही दारांतून रिकाम्या हातांनी परततो.

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत असतात. तेथे 'होम वॉरंटी' घेतली, असे ती पत्रातून किंवा बोलण्यातून सांगतात, आणि आपल्यालाही तसे काही मिळेल काय, असे विचारणारे गृहस्थ मला भेटले आहेत. तेथे त्या एका नावाखाली दोन वस्तू विकल्या जातात. नवे घर बांधणारा देतो ती हमी बांधकामाची असते. दुसरी म्हणजे वर्षाला ठराविक पैसे भरून केलेला सेवाकरार. घरातील उष्णतायंत्र, शीतकपाट, नळ, विजेच्या तारा वापरून वापरून बिघडल्या तर तो करार करणारी कंपनी माणूस पाठवते. दर खेपेस वेगळे शुल्क घेते. आणि भिंत, पाया, छप्पर हे बहुधा त्या कराराबाहेर असते. म्हणजे बांधकामाच्या हमीने ज्याला हात लावला नाही, त्या झिजेसाठी हा करार आहे. नाव एक असले तरी वस्तू एक नव्हे, एवढे मुलांनी आणि आपणही लक्षात ठेवावे.

मग घरमालकाने करावे तरी काय? माझ्या चुकीतून मी जे शिकलो ते सांगतो. ताबा घेताना घाई करू नये. दिवसाउजेडी जावे, बरोबर एखादा जाणता मनुष्य न्यावा. प्रत्येक नळ सोडून पाहावा, न्हाणीघरात पाणी ओतून ते कोणीकडे वाहते ते पाहावे, फरशीवर नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो काय ते ऐकावे. जे दिसेल त्याची यादी करावी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याची खात्री करून घ्यावी आणि ताब्याच्या पत्रावर तारीख आहे हे पाहावे, कारण सारा हिशेब त्या तारखेपासून सुरू होतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा दोष दिसेल, तेव्हा तेव्हा त्याचे छायाचित्र तारखेसह घ्यावे आणि चार ओळींचे पत्र लिहावे. पत्रात दोष कोठे आहे, प्रथम केव्हा दिसला आणि कोणत्या कलमाखाली दुरुस्ती मागत आहोत, एवढे असले म्हणजे झाले. ते पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावे; ई-पत्रही सोबत धाडावे. बांधणाऱ्याचा माणूस येऊन दुरुस्ती करून गेला तर 'अमुक दिवशी अमुक काम केले' अशी नोंद त्याच्याकडून सही करून घ्यावी. ती नोंद म्हणजे दोष होता याची त्याने दिलेली कबुलीच असते. गच्ची, जिना, टाकी, बाहेरच्या भिंती अशा सामायिक भागांसाठी संस्थेच्या सभेत ठराव करून संस्थेच्या नावे पत्र जावे.

करारही नीट वाचावा. महाराष्ट्रात नमुना करार नियमांबरोबरच दिलेला आहे आणि दोषाच्या जबाबदारीचे कलम त्यात आहे. एखाद्याने आपल्या छापील करारात पाचाची तीन वर्षे केली, तरी कायद्याने घातलेले कर्तव्य त्यामुळे उणे होत नाही. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या लहान प्रकल्पांना या कायद्याखालील नोंदणीतून सूट आहे. अशा इमारतीत घर घेणाऱ्याने १९६३ च्या अधिनियमाकडे आणि आपल्या करारातील शब्दांकडे अधिक बारकाईने पाहावे, आणि ते वकिलाच्या सल्ल्याने पाहावे.

पत्रांनी काम झाले नाही तर राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, आपल्याकडे महारेराकडे, तक्रार करता येते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही 'सेवा' आहे आणि तीत उणीव राहिली तर घर घेणारा ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. रेरा आल्यामुळे तो मार्ग बंद झालेला नाही, असेही त्याच न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. ग्राहक आयोगाकडे मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

हे ऐकून कोणाला वाटेल की घर म्हणजे जिव्हाळ्याची वस्तू, तेथे तारखा आणि पावत्या यांचे राज्य कशाला? मलाही एके काळी असेच वाटत असे. लेखी मागणी म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे असभ्यपणा, अशी आपली मध्यमवर्गीय समजूत आहे. परंतु विचार केला तर उलटेच दिसते. प्रामाणिक बांधणाऱ्याला पत्राचे भय नसते. वेळेवर मिळालेल्या पत्रामुळे त्याला लहान दुरुस्तीत मोठा खर्च वाचवता येतो. गच्चीवरच्या पहिल्या भेगेला जो खर्च आला असता, तो पुढे सळई गंजल्यावर आलेल्या खर्चाच्या मानाने नगण्य होता. संकोचाने वाचवलेले चार शब्द गुरुजींना त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून फेडावे लागले.

संकोच माझा होता आणि भुर्दंड त्यांना पडला, ही गोष्ट मला अजून सलते. संस्थेचा कारभार पाहणारे जे कोणी हे भाषण ऐकत असतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या इमारतीच्या ताब्याची तारीख आज काढून पाहा. पाच वर्षे पुरी व्हावयाची असतील तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला जाऊन विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा.

आमची गच्ची आता कोरडी आहे. दर वर्षी मृगाच्या आधी गुरुजी आणि मी एकत्र वर जातो आणि पन्हळे पाहून येतो. खाली आल्यावर गुरुजी वहीत तारीख घालून चार ओळी लिहितात आणि वही माझ्यापुढे करतात. मी खाली सही करतो.